इमान इकणे आहे

वरूडकडच्या संत्रावाल्यांत आमचे जवाईबुवा, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, पुंजाराम गावंडे शब्दाचे पक्के म्हणून ओळखले जातात. या ओळखीचा त्यांना जन्मभर जेवढा ताप झाला, तेवढा बागेवरच्या कोळशी रोगाचाही झाला नसेल.

तिकडं संत्र्याची बाग झाडावरच विकली जाते. फळ अजून हिरवं असतं. व्यापारी बागेतून एक चक्कर मारतो, एखाद्या फांदीकडं तुच्छतेनं पाहतो, आकडा बोलतो आणि मालक म्हणतो, "दिली." कागद नाही, सही नाही. दोन महिन्यांनी भाव चढला की बाकीचे मालक आजारी पडतात, दूरच्या लग्नाला जातात, किंवा बाग मुळात भावाच्या नावावर असल्याचं त्यांना आठवतं. पुंजाराम तेवढे घरी सापडतात. व्यापारी ट्रक घेऊन आला की त्याला चहा पाजतात आणि ट्रक गेल्यावर दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत.

असा माणूस गेल्या भाऊबीजेला माझ्या अमरावतीच्या घरी, जेवणाच्या पंगतीत, सात माणसांसमोर आपल्या मुलीला म्हणाला, "भेटलं तर घेऊ."

काय भेटलं तर, ते सांगतो.

माझी भाची प्राजक्ता विमान चालवते. लायसन मिळून तीन वर्षं झाली. मोठ्या कंपनीची नोकरी लागता लागता राहिली, म्हणून सध्या ती दुसऱ्या जिल्ह्यात एका शाळेत पोरांना विमान शिकवते. शिकवायचं म्हणजे सरळ वर न्यायचं, सरळ फिरवायचं आणि सरळ खाली आणायचं. वय सत्तावीस. स्थळं येऊन राहिली आहेत. अडचण एवढीच, की शिकत असताना परदेशात एका म्हाताऱ्या मास्तरनं तिला बारा मिनिटं कसरतीच्या विमानात बसवलं होतं. कसरतीचं विमान म्हणजे जे आकाशात कोलांट्या मारतं, गिरक्या घेतं आणि पाठीवर पडूनही उडतं. ती बारा मिनिटं संपली, विमान खाली आलं, पण प्राजक्ता काही पूर्ण उतरली नाही.

"मामा, जमीन डोक्यावर होती," ती मला एकदा म्हणाली. "सगळी शेतं, रस्ते, नदी. अन् ओझं काहीच नव्हतं."

हे पुंजारामांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले की जमीन पायाखालीच बरी. डोक्यावरच्या जमिनीचा सातबारा निघत नाही.

तर त्या भाऊबीजेला प्राजक्तानं सांगितलं की तिला एक जुनं, वापरलेलं, दोन सीटांचं कसरतीचं विमान घ्यायचं आहे. नवं नको. तिची स्वतःची शिल्लक आहे, कमी पडेल तेवढं बाबांनी घालावं, मग स्थळाबद्दल घरचे म्हणतील तसं. माझी बहीण साधना, म्हणजे तिची आई, ताटात पोळी वाढता वाढता म्हणाली, "लोकाइले सरळ चालता येत नाही, अन् हिले उलटं उडाचं हाये."

पुंजाराम पुरणपोळीवर तूप ओतून घेत होते. वऱ्हाडात कसरतीचं विमान मिळण्याचा संभव किती, याचा त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. उत्तर शून्य आलं. मग ते मोठ्या मनानं म्हणाले, "भेटलं तर घेऊ."

"शब्द?" प्राजक्ता म्हणाली.

"शब्द."

जेवण झाल्यावर त्यांनी मला गच्चीवर नेलं. विमान शोधायचं काम मी करावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं काढली आहेत आणि जे सापडू नये ते माझ्या हातून कधी सापडलं नाही, ही गोष्ट नात्यात सगळ्यांना माहीत आहे. पुंजारामांनी तसं काही उघड म्हटलं नाही. ते एवढंच म्हणाले, "दादा, तुमी पाहा. घाई नाही." खाली आलो तर जिन्याशी प्राजक्ता उभी. तीही म्हणाली, "मामा, तुम्हीच शोधा. तुमची सगळीकडं ओळख आहे." म्हणजे एकाच कामावर मला दोघांनी नेमलं, एकानं ते व्हावं म्हणून आणि एकानं ते होऊ नये म्हणून. नोकरीत हे रोजचंच होतं, पण तिथं पगार मिळायचा.

मी शोध प्रामाणिकपणे चुकीच्या ठिकाणी सुरू केला. जुन्या मोटारसायकलींचा बाजार, एसटीच्या भंगाराचा लिलाव, पाइपवाले, पंपवाले, एक लग्नाच्या मंडपाचा कंत्राटदार. माझी चूक अशी झाली, की आमच्याकडं गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायची रीत नाही हे मी विसरलो. मंडपवाल्यानंसुद्धा विमान आहे म्हणून सांगितलं. चौकशी केली तर ते थर्माकोलचं निघालं आणि त्यातून नवरदेव उतरायचा. आणि मोर्शीचा बंडू. बंडू जुन्या ट्रॅक्टरांची दलाली करतो. त्याच्याकडं विमान असणं शक्यच नव्हतं, म्हणून मुद्दाम त्याला विचारलं. तो तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. न थांबता म्हणाला, "आहे ना. किती सीटर?"

"दोन."

"उलटंपालटं होणारं म्हणता."

"हो."

"ट्रॅक्टर उलटलेले लय आहेत माझ्याकडं. इमान पाहतो."

मी निश्चिंत घरी आलो. अकराव्या दिवशी बंडूचा फोन आला की अकोल्यात एक आहे.

बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या गोदामात ते कित्येक वर्षं पडून होतं. मालक देवराव तायडे, विमानांची दुरुस्ती करणारे रिटायर इंजिनिअर, शेजारीच राहतात. जिनिंग पाडून तिथं प्लॉट पडणार होते, त्यामुळं महिनाअखेरपर्यंत गोदाम रिकामं करायचं होतं आणि एका भंगारवाल्यानं विमानावर नजर ठेवली होती. बंडूची आणि त्या भंगारवाल्याची जुनी बैठक. बंडूनं व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला: अंधार, कापसाच्या गाठींचं बारदान आणि त्यातून वर आलेलं एक शेपूट. मी तो प्राजक्ताला पाठवला. मग फोन आला. ती हळू आवाजात म्हणाली, "मामा, तेच आहे. अगदी तेच."

पुंजारामांचाही फोन आला. "दादा," ते म्हणाले, "तुमच्यावर मी भरोसा ठेवला होता." आणि फोन ठेवून दिला.

प्राजक्ता सुट्टी टाकून आली आणि बंडूला धरून आम्ही चौघं पुंजारामांच्या गाडीतून अकोल्याला निघालो. मूर्तिजापूरला चहा घेईपर्यंत तिनं बापाला काय काय विचारायचं ते शिकवलं: इंजिनाचे तास, लॉगबुक, पंखांचे सांधे. पुंजाराम सगळ्याला मान हलवत होते. शेवटी म्हणाले की ते तुझं तू विचार, पण पहिलं वाक्य माझं. घेणारा मी आहे, आणि सौद्यात पहिल्या वाक्याला किंमत असते.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या बोलीत 'वि'चा 'इ' होतो. विहिरीची इहीर, विकण्याचं इकणं, विमानाचं इमान. नेकीचं जे इमान, तोही शब्द आमच्याकडं आहे, आणि दोन्हींचा उच्चार एकच. एरवी काही बिघडत नाही, कारण पहिल्याचं काम कुणाला पडत नाही आणि दुसऱ्याचं नाव कुणी काढत नाही.

देवराव तायडे दाराच्या लोखंडी जाळीमागं उभे होते. वय अठ्ठ्याहत्तर, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पुंजारामांनी दोन्ही हात जोडले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात पहिलं वाक्य बोलले.

"नमस्कार, तायडे साहेब. तुमी इमान इकून राहिले म्हणते."

देवरावांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग जाळीला आतून कुलूप घातलं.

"कोणं सांगितलं?"

पुंजारामांनी बंडूकडं बोट केलं. बंडू मदतीला धावला. त्यानं सांगितलं की साहेब, सगळ्या अकोल्याला माहीत आहे, भंगारवाला तर वजनावर मागून राहिला, महिनाअखेरपर्यंत काढावंच लागते म्हणे तुमाले.

"अठ्ठावीस वर्षं सह्या केल्या मी," देवराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. "माझ्या सहीवर माणसं वर गेली अन् जित्ती खाली आली. एकोणीस वर्षांमागं एका मोठ्या माणसानं मागितलं होतं. त्याले नाही इकलं. तुमाले इकीन?"

समोरच्याला विकायचं नाही, हे ऐकून पुंजारामांना इतकं बरं वाटलं की ते मोकळेपणानं बोलायला लागले. इकायचं नसेल तर जबरदस्ती नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि जाता जाता माहिती असावी म्हणून विचारलं, "पण सेकंडहँडच हाये ना?"

देवरावांच्या चेहऱ्याचं काय झालं ते मी सांगत नाही. मी खाली चपलांकडं पाहत होतो. तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नीचा, चतुराबाईंचा आवाज आला.

"आवो, ते उडाचं म्हणून राहिले."

मग कुलूप निघालं. देवराव म्हणाले, "मग उडाचं म्हणा ना," आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढं निघाले.

गोदामात दिवसाही बॅटरी लागत होती. कित्येक वर्षांची रुई कौलांच्या आतून लोंबत होती. विमान मधोमध उभं होतं, पंख काढलेले, आणि दोन्ही पंख भिंतीशी बारदानात गुंडाळून ठेवलेले. एवढी धूळ असलेल्या जागी त्या विमानावर धूळ नव्हती. देवराव ते दर रविवारी पुसतात, हे नंतर कळलं. बंडूनं सवयीनं टायरला लाथ मारून पाहिली आणि विचारलं, किती तास चाललं? ट्रॅक्टरचं वय तासांत मोजतात, विमानाचंही तासांतच मोजतात, हे त्या दिवशी मला कळलं. देवराव म्हणाले, "दोन हजार एकशे चौदा तास, चाळीस मिनिटं." बंडू वरमला. त्याच्या धंद्यात मिनिटं कुणी सांगत नाही.

प्राजक्तानं काहीच विचारलं नाही. चपला काढल्या, वर चढली आणि आत बसली. अंधारात न पाहताच तिचे हात एकेका वस्तूवर जात होते. मग तिनं पट्टे बांधले. खांद्यांवरचे दोन, मांड्यांवरचे दोन, मधला एक. बिनपंखाच्या विमानात, जिनिंगच्या गोदामात, तिनं ते इतके आवळले की पुंजारामांना राहवलं नाही.

"एवढे आवळून काहून?"

"उलटं झाल्यावर पडू नये म्हणून, बाबा."

पुंजारामांनी वर कौलांकडं पाहिलं.

"बाई," देवराव म्हणाले, "समोर उजवीकडं दोन काट्यांचं घड्याळ हाये. वाच."

तिनं बॅटरी धरली.

या घड्याळाचं मला नंतर समजलं ते असं. विमान कोलांटी मारतं, सूर मारून वर उठतं, तेव्हा त्याच्यावर त्याच्याच वजनाच्या कितीतरी पट भार येतो. एक काटा या घडीला किती भार आहे ते दाखवतो. दुसरा काटा आजवर जास्तीत जास्त जिथं गेला, तिथंच थांबून राहतो, परत येत नाही. त्याला परत आणायला खाली एक बटण असतं.

"साडेआठ," प्राजक्ता म्हणाली.

"सोसते किती?"

"सहा."

एकोणीस वर्षांमागं विमान ज्या संस्थेचं होतं तिच्या अध्यक्षाचा मुलगा ते एकटाच घेऊन गेला होता. वर काय केलं ते त्यालाच माहीत. उतरला तेव्हा शर्ट ओला होता आणि काटा साडेआठवर. अध्यक्षांचं म्हणणं असं, की विमान धड आहे, मुलगा धड आहे, तेव्हा देवरावांनी बटण दाबावं आणि लॉगबुकात सही करावी. देवरावांनी बटण दाबलं नाही. त्यांनी विमान बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं की पंखांचा सगळा भार जिच्यावर असतो ती पोटातली तुळई बदलल्याशिवाय उडवू नये, आणि तशी तुळई आता मिळत नाही. विमान बसून राहिलं, देवराव नोकरीतून गेले, पुढं संस्थाही गेली. लिलावात भंगार म्हणून निघालं तेव्हा देवरावांनीच घेतलं, दुसऱ्या कुणी घेऊन बटण दाबू नये म्हणून. सगळं शहर म्हणालं की तायड्यानं मुद्दाम अडवलं, स्वस्तात घ्यायचं होतं. जाळीला आतून कुलूप का लागलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

"काका, तडा दिसला का तुम्हाला?" प्राजक्तानं विचारलं.

"एकोणीस वर्षं पाहून राहिलो. नाही दिसला."

"मग नसेल."

"नसन," देवराव म्हणाले. "पण 'नसन'वर मी सही करत नाही."

"उडेल?"

"उडते ना. सरळ उडवशील तर तुया लेकराइलेही पुरते. उलटं करशील तर पहिल्यांदा काही होणार नाही. दुसऱ्यांदाही नाही. त्याच्या पुढचं मले माहीत नाही."

बंडू मला बाजूला घेऊन म्हणाला की सहीचं टेन्शन घेऊ नका, नागपूरला आपला एक माणूस आहे. तो हळूच बोलला होता, पण रिकाम्या गोदामात हळू बोलून उपयोग नसतो. देवरावांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. बंडू खर्रा आणायला बाहेर गेला आणि चांगला तासभर आला नाही.

प्राजक्ताचा अंगठा त्या बटणाशी होता. दाबलेलं नव्हतं. नुसता तिथं ठेवलेला होता.

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. माझ्या कचेरीत असा काटा जेवणाच्या सुट्टीआधी जागेवर आला असता आणि त्याची पोचही मिळाली असती. असे किती काटे मी स्वतः खाली आणले, ते सांगण्याची ही जागा नाही. त्यामुळं बटण दाबू नको, हे कुठल्या तोंडानं म्हणणार? आणि दाब म्हणण्याची छाती नव्हती. मी मामा होतो, विमान मीच शोधून दिलं होतं, आणि मी एका पंखाला टेकून उभा राहिलो.

चतुराबाई चहा घेऊन आल्या. कपांवर साय धरली. कुणी प्राजक्ताला खाली ये म्हटलं नाही.

शेवटी पुंजाराम विमानापाशी गेले. तिच्या बाजूच्या पत्र्यावर त्यांनी हात ठेवला.

"प्राजू, म्या शब्द देल्ला. तू म्हणशील तर घेतो. त्या काट्याचं मले समजत नाही."

"बाबा," ती समोर पाहतच म्हणाली, "तुम्ही नाही म्हणा ना."

पुंजारामांनी स्वच्छ पत्रा हातानं पुन्हा पुसला.

"एकदा नाही म्हणा. मी भांडेन, रडेन, मग ऐकेन."

"मले म्हणता येत नाही," पुंजाराम म्हणाले. "भेटलं तर घेऊ म्हटलं होतं. भेटलं."

वरूडचा कुठलाही दुसरा बाप अशा वेळी आजारी पडला असता. पुंजाराम तिथंच उभे राहिले, पत्र्यावर हात ठेवून. बाग दिली म्हटल्यावर जसे उभे राहतात, तसेच. त्यांना नाही म्हणायचं होतं हे मला माहीत होतं, देवरावांना दिसत होतं, चतुराबाईंना दिसत होतं, आणि सगळ्यांत आधी ते पोरीला कळलं होतं. पण साठ वर्षांत ते 'नाही' वापरलेलं नव्हतं, त्यामुळं ऐन वेळी निघेना.

प्राजक्तानं अंगठा काढला. पट्टे सोडले, एकेक करून, आणि परत नीट दुमडून सीटवर ठेवले. खाली उतरली, चपला घातल्या.

"काका, मी घेते. पण ती तुळई कापून द्या."

देवरावांना ऐकू आलं नाही असं वाटून तिनं पुन्हा सांगितलं. "तशीच राहिली तर मी कधीतरी बटण दाबीन. आज नाही दाबलं. पण मी मला ओळखते."

एकोणीस वर्षांत हे देवरावांनाही सुचलं असणारच. तुळई कापली असती तर ना भंगारवाल्याची भीती, ना बंडूच्या नागपूरच्या माणसाची. पण दर रविवारी पुसलेली वस्तू कापायला हात धजावत नाही. ते घरात गेले आणि लोखंड कापायचा हेक्सा घेऊन आले, चार ब्लेडांसकट. सीटच्या खालची एक पाटी उघडली. प्राजक्तानं बॅटरी धरली.

पाऊण तास ते चाललं. दोन ब्लेडं तुटली. मधेच देवरावांचा हात भरून आला तेव्हा त्यांनी हेक्सा तिच्यापुढं केला, आणि बॅटरी त्यांनी धरली. मी आणि पुंजाराम बाहेर उन्हात जाऊन उभे राहिलो, पण तो आवाज बाहेरही येत होता. पुंजाराम मला म्हणाले, अकोल्यात ऊन जास्तच असते. मी म्हणालो, हो. एरवी आम्ही दोघं यावर अर्धा तास बोललो असतो.

आवाज थांबला. आम्ही आत गेलो तेव्हा देवराव लॉगबुक मांडीवर घेऊन बसले होते. शेवटच्या पानावर सहीची एक चौकट एकोणीस वर्षं कोरी होती. त्यांनी खिशाचं पेन काढलं, चौकटीच्या वर 'उडण्यास अयोग्य' असं लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली, आणि शाई वाळेपर्यंत पान उघडं धरून ठेवलं.

"आता इमान राहिलं नाही हे," ते म्हणाले. "आता इकतो."

या वेळी त्यांनी कुठलं इमान म्हटलं ते चतुराबाईंनीसुद्धा समजावून सांगितलं नाही.

भाव भंगाराचाच लागला, आणि देवरावांनी तोही घेताना तोंड फिरवलं. बंडू परत आला, सौदा झालेला पाहून त्यानं दोन्ही बाजूंची दलाली मागितली आणि कुणी काही बोललं नाही म्हणून स्वतःच सोडून दिली. त्याच्या धंद्यात असं पहिल्यांदाच घडलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजारामांचा संत्र्याचा ट्रक घेऊन देवमन अकोल्याला आला. देवमन त्यांच्याकडं वीस वर्षं ड्रायव्हर आहे आणि ट्रकात काय भरायचं ते विचारत नाही, कसं भरायचं ते विचारतो. पंख उभे बांधले. मग विमान चढवायला घेतलं तर चाकं ट्रकच्या फळ्यांत बसेनात. दोन चाकांमधलं अंतर ट्रकच्या रुंदीपेक्षा वीतभर जास्त. देवमननं एकदा मागून पाहिलं, एकदा पुढून पाहिलं, बिडी विझवली.

"मालक, असं नाही जमत. उलटं टाकावं लागते."

पुंजारामांनी माझ्याकडं पाहिलं. मी देवरावांकडं पाहिलं. देवराव कुणाकडंच पाहत नव्हते. जिनिंगच्या फाटकाशी जमलेले पाच-सहा जणही कशाची तरी वाट पाहावी तसे थांबले.

"टाका," प्राजक्ता म्हणाली.

वरची काच आधीच काढून ठेवली होती. संत्र्याखाली घालायचं गवत ट्रकात होतंच, ते जाड पसरलं, आणि दहा-बारा जणांनी मिळून विमान पाठीवर टाकलं. चाकं वर आभाळाकडं, शेपूट ट्रकच्या मागून खाली लोंबतं. देवरावांनी दोर स्वतः तपासले, चारही गाठी, आणि सवयीनं खिशाकडं हात नेला. सही करायला काही नव्हतं. हात परत आला.

प्राजक्ता देवमनच्या शेजारी केबिनमध्ये बसली. आम्ही मागून गाडीत. तारा लागू नयेत म्हणून देवमन हळू चालवत होता, आणि आम्हाला ओव्हरटेक करता येत होतं, पण पुंजारामांनी ते केलं नाही. अकोल्यापासून त्या उलट्या विमानाच्या मागं मागं आम्ही चालत राहिलो. बोरगाव मंजूला लोकांनी मोबाइल काढले. मूर्तिजापूरला चहावाल्यानं देवमनला विचारलं की पडलं का कुठं? देवमन म्हणाला, नाही, ते असंच उडते. चहावाल्याला पटलं.

केबिनच्या खिडकीतून प्राजक्ताचं डोकं बाहेर आलेलं दिसायचं. ती मागं वळून वर पाहायची, चाकांकडं, मग आत घ्यायची. थोड्या वेळानं पुन्हा.

बडनेरा मागं पडल्यावर पुंजारामांनी गाडी ट्रकच्या आणखी जवळ नेली. मग म्हणाले, "दादा, यात बसून तिले येता आलं असतं का?"

मी म्हटलं, जवाईबुवा, कसं येणार? सीट उलटी, वरची काच काढलेली, खाली गवत. डोकं खाली, पाय वर. माणूस पडेल ना.

त्यांनी मान हलवली. पटल्यासारखं केलं. पुढं ट्रक एका खड्ड्यातून गेला, वरची चाकं जरा फिरली आणि थांबली.

"पट्टे तर होते," पुंजाराम म्हणाले.